सातवी रोटी

हे माझ्याच हातून घडलंय, म्हणून लपवण्यात अर्थ नाही. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही बघा.

रशियाच्या दक्षिणेला, डोंगरातलं आमचं नारिन गाव. जानेवारीतला गुरुवार. दुपारचे तीन वाजून गेले होते.

मी कुंदुज. गावात कॉम्प्युटर दुरुस्त करते. बुरमा आपांच्या घरी माझा तो तिसरा दिवस होता. आमच्याकडे आईला आणि आईच्या वयाच्या बाईलाही आपाच म्हणतात.

त्यांचा मुलगा तालाय रशियात बांधकामावरून पडून वारला. त्याचे सहा वर्षांचे ईमेल फक्त घरातल्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर होते. आपांना मोतीबिंदू. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला कुणीतरी ती पत्रं वाचून दाखवावीत, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि चाळिसावा शनिवारी होता.

"फार हळू चालतंय हे," मी म्हटलं होतं. "नवी सिस्टीम टाकते. पळेल बघा."

पळालंही. पण ईमेलचा प्रोग्राम उघडला तो रिकामा.

शून्य पत्रं.

मी बॅकअप घेतला नव्हता. आळस, दुसरं काय.

प्रोग्राम काढून परत टाकला. जुने फोल्डर धुंडाळले. पत्रांची फाईल सापडली, पण तिच्यात काहीच नव्हतं. आणखी काही बिघडू नये म्हणून त्या सकाळी मी इंटरनेटची केबलही काढली, आणि कामाच्या नादात ते विसरून गेले.

"तीन दिवस झाले," आपा स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "एवढ्यात माझी मेंढी व्याली असती. चहा घे, गार होतोय."

मला हसूसुद्धा येईना.

त्या तालायच्या नावाने सात रोट्या तळायला बसल्या होत्या. तेलाचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोहोचतो, म्हणून आमच्याकडे गुरुवारी तळतात.

पहिली रोटी तेलात पडली... चर्रर्र.

टिंग.

पत्र आलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत एक अक्षर नाही. नवी सिस्टीम टाकली की असला कचरा येतोच. मी उडवलं.

दुसरी रोटी पडली...

टिंग.

तेही रिकामं. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं... सगळी तशीच. सगळी उडवली.

सातव्या वेळी मात्र आत मजकूर होता.

"काय गं, आलं का त्याचं काही?"

"नाही, आपा. कुणीतरी कुठल्या वहिनीला लिहिलंय. 'वहिनी, पोहोचलो.' चुकून आलंय."

बोलता बोलता मी तेही उडवलं. कायमचं काढू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी हो म्हटलं.

आतला झाऱ्याचा आवाज थांबला.

आपा दारात आल्या. "वहिनी?"

"हो."

"तालाय माझा थोरला, म्हणून रीतीप्रमाणे सासूबाईंनी वाढवला. आपा तो त्यांना म्हणायचा." त्या चाचपडत खुर्चीवर बसल्या. "मला दीर म्हणायचे तसं वहिनीच म्हणायचा. शेवटपर्यंत. पुन्हा वाच ना, पोरी."

मी कचऱ्याची पेटी उघडली. रिकामी.

पत्र परत मागवून बघू म्हणून केबल नीट बसली आहे का, ते बघायला वाकले...

केबल नव्हतीच.

ती माझ्या पिशवीत होती. सकाळपासून.

मला रडू फुटलं. आपा रडल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कुठे पोहोचला, ते खाली लिहिलं होतं का गं?"

मी खाली बघितलंच नव्हतं.

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. दर गुरुवारी त्या सात रोट्या तळतात. मी केबल काढून कॉम्प्युटरसमोर बसते. मला भीती वाटते, तरी जाते. न जाऊन कसं चालेल?

सहा वेळा टिंग वाजतं. सहाही रिकामी.

मग सातवी रोटी तेलात पडते... आणि आम्ही दोघी सातव्या टिंगची वाट बघत बसून राहतो, ती करपेपर्यंत.