तिसऱ्या खिळ्यावरचा बिल्ला

भाकरीचं टोपलं डोक्यावर घेऊन चांगुणा साखऱ्याच्या माळावर पोचली, तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. दोन हजार तीनचा एप्रिल. विहीर पंचेचाळीस फूट गेली होती आणि पाण्याचा अजून पत्ता नव्हता.

विहिरीजवळच्या लिंबाला तीन खिळे ठोकलेले होते. ते तिच्या नवऱ्याचं, कोंडीबाचं खूळ. वीस वर्षं चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत राबून माणूस घरी आला, तो तिथली शिस्त बरोबर घेऊनच. खाली उतरताना खिळ्यावरचा आपला पत्र्याचा बिल्ला खिशात टाकायचा, वर आलं की पुन्हा अडकवायचा. बिल्ला खिळ्यावर, म्हणजे माणूस वर. विहीर खोदणारे जळबा आणि पेमा पोट धरून हसायचे. तीन माणसं मोजायला एवढा थाट! कोंडीबा मात्र कधी हसला नाही.

का, ते एकट्या चांगुणाला ठाऊक होतं. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. जमिनीखाली सहाशे फुटांवर पाळी संपली, तेव्हा कोंडीबाचा जोडीदार, डोंगरकडा गावचा अमृतराव, यानं आपला दोनशे सतरा नंबरचा पितळी बिल्ला त्याच्या हातात दिला. "तू हो म्होरं, माझा बी अडकव. कुदळ ऱ्हायली आत, घेऊन आलोच." कोंडीबानं वर येऊन दोन्ही बिल्ले हजेरीच्या फळ्यावर अडकवले. फळा भरला, सगळे वर आले असं ठरलं. त्याच घटकेला खाली छत बसलं, मागोमाग आग लागली. आग पसरू नये म्हणून त्या बोगद्याचं तोंड विटांनी बंद करायचा हुकूम आला. विटा रचणाऱ्यांत कोंडीबाही होता. शेवटची वीट बसली, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी तीनदा ठोकलं...

दुसऱ्याचा बिल्ला अडकवला हे कळलं असतं तर नोकरी गेली असती. कोंडीबा गप्प राहिला. "अमृतरावला म्या मारलं गं," असं तो एकदाच म्हणाला होता, तेही भिंतीकडे तोंड करून. चांगुणाला त्या दिवशी त्याचा रागही आला होता आणि कीवही.

आणि गेले आठ दिवस तो नवंच काही बोलत होता. "विहिरीच्या तळाला कुणीतरी ठोकून ऱ्हायलंय."

तिनं टोपलं उतरवलं. आज सुरुंग उडवायचा होता. जळबा आणि पेमा वायर ओढत लांब बांधाआड गेले होते. जळबानं तिथूनच हाक मारली, "काकू, काका कुठं हायेत?"

चांगुणानं लिंबाकडे पाहिलं. सावलीत तीन बिल्ले लटकत होते.

"वर आलेत बाबा. गेले असतील वढ्याकडं हातपाय धुवाया." ती लगबगीनं बांधाकडे निघाली.

"सुरुंग!" जळबा ओरडला. दुसऱ्यांदा ओरडला. माळावर होला घुमत होता, तोही थांबला. चांगुणाच्या नाकाला एकदम ओल्या कोळशाचा वास आला. सुट्टीवर आलेल्या कोंडीबाच्या कपड्यांना यायचा, अगदी तोच. या माळाला फक्त मुरूम आणि काळा पाषाण. इथं कोळसा कुठून येणार?

तेवढ्यात विहिरीतून आवाज आला. ठक्. मग थोडं थांबून, ठक्... ठक्.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. "जळबा, थांब! खाली माणूस हाय!"

"काकू, बिल्ले तर तिन्ही..."

"आग लाव त्या बिल्ल्याला! थांब म्हणते ना!"

जळबानं हातातली वायर टाकून दिली. पेमा दोरावरून खाली उतरला आणि त्याची किंकाळीच वर आली. तळाच्या कपारीत, कालच्या सुरुंगाच्या कोंडलेल्या धुरात, कोंडीबा निपचित पडला होता. दोर बांधून त्याला वर घेतलं. तोंडावर पाणी मारल्यावर बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. चांगुणाला रडू आवरेना.

"बरं झालं ठोकलं तुमी. न्हाई तर म्याच तुमाला..."

"म्या न्हाई ठोकलं," कोंडीबा पुटपुटला. "तो ठोकत व्हता. म्हनलं, आता तरी जाऊन बघावं... कपारीत वाकलो, अन् भवंड आली."

पेमा म्हणाला, "काकू, काका बेसुद पडले व्हते. अन् पहार, घण, समदं म्या सकाळीच वर आणलंय. खाली ठोकाया काहीच न्हाई."

चांगुणा उठून लिंबापाशी गेली. पहिल्या खिळ्यावर पत्र्याचा बिल्ला. दुसऱ्यावर पत्र्याचा. तिसऱ्यावर मात्र जाड, पितळी बिल्ला होता, काळ्या भुकटीनं माखलेला. तिनं अंगठ्यानं पुसला. आकडे दिसले, दोनशे सतरा. अंगठा कोळशानं काळा झाला.

तिनं तो कोंडीबापुढे धरला. त्यानं खिशाचं बटण चाचपलं. बटण लावलेलंच होतं. काढून हात घातला, खिसा उलटा केला. आत काही नव्हतं. पेमा आणि जळबानं तळाचा दगड न् दगड उलटला, पण पत्र्याचा बिल्ला सापडला नाही.

"गेला तर गेला," चांगुणा म्हणाली. "तुमी वर आलात ना?"

कोंडीबा विहिरीकडे बघत राहिला.

"बिल्ला त्याच्यापाशी ऱ्हायला," तो म्हणाला. "म्हंजी म्या अजून खालीच हाय गं..."