उन्हं येईपर्यंत

नेमकी तिच्या बसायच्या जागी खुंटी ठोकलेली होती. खुंटीला लाल चिंधी, पुढे आणखी एक, त्यापुढे आणखी... चिंध्यांची रांग तंबूंना वळसा घालून थेट तळ्यापर्यंत गेलेली. आणि रांगेच्या टोकाला एक किडकिडीत तरुण गुडघा टेकून हातोडी मारत होता. अजून पुरतं उजाडलंही नव्हतं. गवतावरचं दव त्याच्या बुटांनी पार तुडवून टाकलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण बोलायची सोय नव्हती. उठल्यापासून समोरच्या टेकडीवर उन्हं येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा तिचा रोजचा नेम. अंगात ताप असो की दारात पाहुणा, दिवसाची पहिली शांतता देवाची. ती कुणासाठी मोडायची नाही.

"नमस्कार! मी वायरमन," तो हसून म्हणाला. "तुमच्या वडिलांनी बोलावलंय. तंबूतंबूत दिवा, प्लग, पंखा..."

पंखा! तिने डोळे वटारले.

"ऐकू येतंय ना?"

तिने डोळे आणखी वटारले. त्याचा चेहरा एकदम मवाळ झाला. "अरेरे... माफ करा हं," असं स्वतःशीच पुटपुटत त्याने हातोडी खाली ठेवली. मग तिच्याकडे बोट, स्वतःकडे बोट, हवेतला कप ओठांना लावून एक घोट... चहा घेऊया का? हे सगळं इतक्या सावकाश आणि इतक्या मायेनं, की तिला तीच हातोडी उचलावीशी वाटली.

तेवढ्यात टेकडीच्या माथ्यावर ऊन आलं.

"मला ऐकूही येतं आणि बोलताही येतं!" ती कडाडली. "कुणाला विचारून ठोकल्यात या खुंट्या? पंखा म्हणे! उद्या फ्रीज आणाल, परवा टीव्ही. अहो, लोक घर सोडून इथं येतात ते काय पुन्हा घरच बघायला? काळोख पाहिलाय का कधी तुम्ही? चांदणं पडतं का तुमच्या ट्यूबलाइटखाली?"

तो ऐकत राहिला. तिचा दम संपल्यावर हळूच म्हणाला, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"बोलता येतं ते..."

तिने खुंटी उपटली आणि तरातरा घराकडे निघाली.

जमीन वडिलांची असली तरी कॅम्प तिचा होता. ऑफिसातली नोकरी सोडून तिने एकेक तंबू स्वतःच्या हाताने उभा केला होता. चूल, कंदील, तळ्याचं पाणी, बस्स. ती चार दिवस मावसबहिणीच्या लग्नाला काय गेली, मागे हा कारभार!

"मला विचारलं का कुणी?" तिने वडिलांना गाठलं.

"तुला काय विचारायचं त्यात?" बाबा चहा फुंकत म्हणाले. "लोक मागतात. मागच्या वेळची ती बाई केसांचं यंत्र घेऊन झाडाला प्लग शोधत होती."

"मग सापडला का?"

"सापडला. पलीकडच्या कॅम्पात. तिकडेच गेली."

दुसऱ्या दिवशी पहाटे, तोंडातून चकार शब्द न काढता, तिने झाडून साऱ्या खुंट्या उपटल्या आणि त्याच्या स्कूटरच्या सीटवर रचून ठेवल्या. त्याने शीळ घालत त्या पुन्हा ठोकल्या. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच. तो मुकाट्याने ठोकायचा, ती मुकाट्याने उपटायची, आणि उन्हं आली की दोघांची जुंपायची. काकू म्हणजे कॅम्पची स्वैपाकीण. ती चुलीपाशी बसून ऐकायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

"एक विचारू?" एकदा तो म्हणाला. "तंबूत गादी चालते. तुमची ती गरम पाण्याची रबरी पिशवी चालते. मग दिव्यानंच काय घोडं मारलंय? कुठली सोय चालते नि कुठली नाही, हे ठरवतं कोण?"

"मी!"

"आणि कशावरून?"

त्याच्या केसांत गवताची काडी अडकली होती... ती काढावीशी वाटली, आणि तसं वाटल्याचाच तिला राग आला. "माझी पिशवी शेजारच्या तंबूतल्या माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही. माझ्या सोयीपायी दुसऱ्याची रात्र नासत नाही. यावरून!"

"हं..." तो खरंच विचारात पडला. मग हातातली खुंटी फिरवत म्हणाला, "रागावणार नसाल तर सांगतो. तुमचे बाबा दिवस कलला की पाणी पीत नाहीत. माहितीये?"

"काय?"

"अंधारात घराबाहेरच्या बाथरूमपर्यंत जायला घाबरतात. मागे तंबूच्या दोरीत पाय अडकून पडले होते. मला सहज बोलून गेले."

"मग मला सांगायचं ना!" तिचा आवाज चिरकला. "एवढ्या थोरल्या मुलीला सांगता येत नाही?"

"तुम्हाला कुणी विचारत नाही, आणि तुम्हाला कुणी सांगत नाही," तो म्हणाला. या वेळी चिडवण्यासारखं नव्हतं त्याच्या बोलण्यात. "तुमच्या रागाचा धाक असेल कदाचित... पण न विचारणं चूकच."

उन्हं केव्हाचीच आली होती, तरी ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी खुंट्या ठोकलेल्याच नव्हत्या. बाबा मात्र अंगणात तणतणत होते. "काम थांबवलंय पठ्ठ्यानं! म्हणतो, कॅम्प जिचा आहे तिनं सांगितल्याशिवाय एक खड्डा खणणार नाही. काम गेलं तरी चालेल म्हणे! दुसरा वायरमन बघतो मी."

"काही नको दुसरा!" ती इतक्या जोरात म्हणाली की काकूचं लाटणं थांबलं. मग ती आत गेली, तांब्या भरून आणला आणि बाबांपुढे आदळला. "आणि तुम्ही संध्याकाळी पाणी प्यायचं. पोटभर. कळलं?"

बाबांनी आधी तांब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि त्यांनी तो उचलला.

ती तशीच फाटकापाशी गेली. तो स्कूटरला टेकून उभा होता.

"बाथरूमच्या वाटेवर फक्त. गुडघ्याच्या खाली. उजेड जमिनीवर पडेल, आभाळात नाही. वाटेवर कुणी नसेल तेव्हा बंद. आणि तंबूत प्लग नाही म्हणजे नाही!"

"जसा हुकूम," तो म्हणाला, आणि हसू लपवायला हेल्मेट घातलं.

वाट उजळली. तिच्या बसायच्या जागेला तारेने लांबून वळसा घातला होता. काम संपलं, हत्यारं बांधली गेली. तिला वाटलं, सुटले एकदाची. मग दिवसभर तिचं कशातच लक्ष लागलं नाही, आणि भाजी करपली म्हणून ती काकूवर उगीचच खेकसली.

पुढच्या पहाटे आभाळ भरून आलं होतं. ती आपल्या जागी बसली होती. ओल्या गवतात पावलं वाजली. तो जरा अंतर राखून बसला. हातात हातोडी नव्हती, तर ते हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं.

"आता इथं यायला मला निमित्त उरलं नाही," तो तळ्याकडे बघत म्हणाला. "म्हणून... तुम्हाला कुणी विचारत नाही ना? मी विचारतो. लग्न कराल माझ्याशी?"

तिने झटकन टेकडीकडे पाहिलं. ढग! नुसते ढग! आजच! एरवी वेळेवर हजर होणारं ते मेलं ऊन आज कुठं दडून बसलंय? तिच्या ओठांवर शब्द आले होते आणि नेम आडवा उभा होता.

"नको...?" त्याचा चेहरा उतरला. तो उठायला लागला.

तिने त्याची बाही धरली. मग त्याच्याकडे बोट, स्वतःकडे बोट, हवेतला कप, एक घोट. पुन्हा कप, पुन्हा घोट... आणि वर येणारा सूर्य हवेत हाताने काढून दाखवला. पुन्हा दाखवला. पुन्हा.

"रोज?" त्याने विचारलं. "रोज सकाळी?"

तिने मान हलवली. त्याच्या केसांत आजही अडकलेली गवताची काडी अलगद काढली.

पुष्कळ वेळाने ढग जरासे फाटले आणि टेकडीचा माथा पिवळा झाला. तो श्वास रोखून तिच्या पहिल्या शब्दाची वाट पाहत होता.

"इतके दिवस हातोडी मारत बसलात," ती फणकाऱ्याने म्हणाली, "हे आधी विचारायला काय झालं होतं तुम्हाला?"