तिसऱ्यांदा भिजलेली गादी

गादी गुंडाळून, दोरीने बांधून, खांद्यावर टाकून एकटीने नेता येते, अशी धाकटीची पक्की समजूत होती. पहिली दोनशे पावलं ती टिकली. चौकात वळताना मात्र मागचं टोक झुकलं, दोरी सैल झाली, आणि आता भर दुपारी भर रस्त्यात आपलं अंथरूण पसरणार असं वाटत असतानाच ओझं एकदम निम्मं झालं.

मागून कुणीतरी दुसरं टोक उचललं होतं.

"मी नेईन," धाकटी समोर बघतच म्हणाली. मागे वळून बघायची सोयच नव्हती.

"न्या की. मी नुसता मागून चालतोय." आवाज पुरुषाचा होता, हसू दाबल्यासारखा. "कुठे निघालात?"

"गादीवाल्याकडे."

"मग वळा. दुकान मागे राहिलं."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझंच आहे ते…"

अशी त्यांची ओळख झाली. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, आणि मधे एक ओली गादी. एकमेकांची तोंडं त्यांना दुकानात पोचल्यावरच दिसली. त्याच्या भुवयांवर कापूस होता. तिचं कपाळ घामाने डबडबलं होतं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. दोघांनाही जे दिसलं ते आवडलं, पण अशा गोष्टी पहिल्या दिवशी कुणी कबूल करत नाही.

"काय झालं गादीला?" असं त्याने विचारलं नाही. त्यांच्या धंद्यात ते विचारायचंच नसतं. माणूस साऱ्या जगापासून जे लपवतो ते गादीपासून लपत नाही, म्हणून गादीवाल्याने डाग बघायचा, खोळ उसवायची, कापूस पिंजून वाळवायचा आणि तोंड मिटून टाके घालायचे, असं त्याच्या वडिलांनी त्याला हातात दाभण देतानाच शिकवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. धाकटीने आपणहून सांगितलं, "पाणी सांडलं." त्याने जरा जास्तच गंभीरपणे मान हलवली.

पाणी वगैरे काही सांडलं नव्हतं. धाकटीच्या घरी सतरा वर्षांची मांजर होती. तिला एके काळी बरीच लाडाची नावं होती, आता सगळे नुसतं म्हातारी म्हणत. जन्मभर शहाण्यासारखी रेतीच्या ट्रेमध्ये जाणारी ही म्हातारी गेल्या दोन महिन्यांत बिघडली होती. आणि बिघडली तीही नेमकी धाकटीच्या गादीवर, कारण धाकटी जमिनीवर झोपायची. लाँड्रीवाल्याला खरं सांगून बघितलं, तर मांजर म्हटल्याबरोबर त्याने दारातूनच हात जोडले. तेव्हापासून धाकटी बाहेर पाणीच सांडत होती.

घरात दोघंच, ती आणि तिचा दादा. आईवडील गेले, तेव्हा घर दोघांच्या नावावर करून गेले. दादा बसडेपोत वेळापत्रकं बनवायचा. वाईट माणूस नव्हता, पण कुठलीही गोष्ट ठरल्या जागी आणि ठरल्या वेळी झाली नाही की त्याचा जीव कासावीस व्हायचा. आणि म्हातारीला आता जागा आणि वेळ दोन्ही पाळता येत नव्हत्या.

दुसऱ्या वेळी धाकटी गादी घेऊन गेली तेव्हा गादीवाल्याने दुरूनच बघून दार उघडून ठेवलं होतं.

"पुन्हा पाणी?"

"पुन्हा पाणी."

तो दाभणात सुतळी ओवायला बसला. एकदा हुकली, दोनदा हुकली. चौथ्यांदा हुकल्यावर धाकटीने ती हातातून घेतली आणि एका दमात ओवून दिली. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासायची, त्यामुळे तिला काय ते कळलं. "तुम्हाला चष्मा लागलाय," ती म्हणाली. सुतळी जाड आहे, तो म्हणाला. मग उजेड कमी आहे म्हणाला. शेवटी म्हणाला की लागला असेल तर तपासून द्या, उगाच बदनामी नको.

आणि खरंच आला. दुसऱ्या दिवशी, केस विंचरून, भुवयांवरचा कापूस झटकून. अंधाऱ्या खोलीत त्याच्या नाकावर ती जड फ्रेम ठेवून धाकटी एकामागून एक भिंगं बदलू लागली. खोली लहान, श्वास ऐकू येईल इतकी.

"आता बरं दिसतं, की आधी?"

"तुम्ही दोन्हीत दिसताय."

"अक्षरं बघायची आहेत."

"अक्षरं काय, ती उद्याही तिथेच असतील…"

धाकटीने मुद्दाम चुकीचं भिंग घातलं आणि त्याला पाच मिनिटं धुक्यात बसवून ठेवलं. पण त्या संध्याकाळी घरी जाताना ती स्वतःशीच हसत होती, आणि रस्त्यावरून नव्हे तर कापसावरून चालल्यासारखी चालत होती. एवढंच एक खटकत होतं. निघताना त्याने दाराशी थांबून, नजर चुकवून, फार हळू सांगितलं होतं, "संध्याकाळी सहानंतर पाणी जरा कमी प्यावं म्हणतात. फरक पडतो." असतात माणसं विचित्र, म्हणून तिने ते सोडून दिलं.

तिसऱ्यांदा गादी भिजली त्या सोमवारी दादाने निकाल लावून टाकला. त्याच्या ओळखीच्या एकाचं धान्याचं गोदाम होतं, गावाबाहेर. शनिवारी चार वाजता त्याची गाडी येईल, म्हातारीला घेऊन जाईल, तिथे उंदीर भरपूर आहेत, मजेत राहील. धाकटीने विचारलं, तिच्या तोंडात चार दात उरलेत, ती उंदरांचं काय करणार, त्यांना गोष्टी सांगणार? दादाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर शनिवारभोवती गोल काढला.

गादी पुन्हा दुकानात गेली, आणि पुढच्या तीन दिवसांत धाकटीला घास गोड लागला नाही. गुरुवारी गादी घरी आली. गादीवाल्याने स्वतः आणून दिली, आणि दारात तिच्याकडे बघून असं हसला की तिला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तो गेल्यावर तिने खोळीला हात लावला. आत काहीतरी सरकलं. तिने चार टाके उसवून बघितलं, तर गादीच्या बरोबर मधोमध, बारीक सुबक टाक्यांनी, रबराचं कापड शिवलेलं होतं.

अगोदर तिला काही कळलं नाही. मग संध्याकाळी सहानंतरचं पाणी आठवलं. मग कळलं, आणि कानापर्यंत आग गेली.

पाचव्या मिनिटाला ती म्हातारीला टोपलीत घालून रस्त्यावर होती आणि दहाव्या मिनिटाला टोपली गादीवाल्याच्या गल्ल्यावर.

"ही बघा."

त्याने बघितलं. "मांजर आहे."

"तेच सांगतेय. मांजर आहे. मी नाही."

गादीवाल्याचं तोंड आधी पांढरं पडलं आणि मग लाल झालं. आपण कुणाला एक शब्द बोललो नाही, असं तो कसंबसं म्हणाला. नाही बोललात हेच तर चुकलं, असं तिने सुनावलं. अठ्ठावीस वर्षांच्या धडधाकट बाईबद्दल असं काहीतरी मनात धरायचं, वर तिच्याशी गोड बोलायचं, तिला काय वाटेल याचा विचार नाही… तिचा आवाज फुटला. तेवढ्यात म्हातारी टोपलीतून उतरली आणि भांडण जागच्या जागी थांबलं.

गल्ल्यावरून स्टुलावर, स्टुलावरून जमिनीवर. प्रत्येक पायरीला ती थांबायची, एक पंजा पुढे करायची, परत घ्यायची. दुकानाच्या मधे एक वीतभर उंच फळी आडवी होती, ती तिने ओलांडली नाही. सगळं दुकान वळसा घालून ती मागे गेली, पिंजलेल्या कापसाच्या ढिगाच्या सपाट कडेवर गेली, जरा उकरलं, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत, अत्यंत शांतपणे, तिथे बसली.

धाकटीने तोंडावर हात ठेवला. सकाळभर पिंजलेला कापूस होता तो. गादीवाला मात्र ओरडला नाही की धावला नाही. तो गुडघ्यांवर बसून बघत राहिला.

"हिचे सांधे दुखतात," तो म्हणाला.

धाकटीने डोळे पुसून सांगितलं की जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलंय. सगळ्या तपासण्या झाल्या, मूत्रपिंडं वयाच्या मानाने ठीक आहेत, लघवीत दोष नाही, गुडघे झिजलेत त्याचं औषध चालू आहे.

"आणि घरचा ट्रे कसा आहे?"

तिने सांगितलं. दोन महिन्यांपूर्वी दादाने नवा आणला, महागातला. घरात वास नको म्हणून झाकणवाला, पुढे झुलतं दार, दाराला वीतभर उंबरा, आत सुगंधी रेती. सांगता सांगता तीच थांबली. दोन महिन्यांपूर्वी…

"म्हणजे गुडघे धरलेल्या म्हातारीने भिंत चढून अत्तराच्या दुकानात जायचं," गादीवाला म्हणाला. "मीही गेलो नसतो."

दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या धाकटीला हे घरात दिसलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, दादाचा राग आला, आणि हसूही आलं, सगळं एकदम. त्याने फळकुटं काढली, दोन बोटांची कड असलेले तीन पसरट ट्रे शनिवारपर्यंत करून देतो म्हणाला. एक तिच्या खोलीत, एक स्वयंपाकघराबाहेर, एक दादाच्या दाराशी, म्हणजे म्हातारीला लांब चालायला नको. रेती बारीक आणि बिनवासाची. बोलता बोलता त्याने तिच्या केसांतला कापूस काढायला हात पुढे केला आणि अर्ध्यावर थांबवला.

"काढा," धाकटी म्हणाली. "पण मी अजून रागावलेली आहे."

शनिवारी साडेतीनलाच दादाने म्हातारीसाठी मोकळी टोपली दाराशी आणून ठेवली. धाकटीने ती उचलली, माळ्यावर फेकली आणि दारात बसली.

"गाडी येईल," दादा म्हणाला.

"रिकामी जाईल."

दादाने समजावलं, मग आवाज चढवला. धाकटी हलली नाही. तेवढ्यात गादीवाला डोक्यावर तीन ट्रे घेऊन फाटकातून आत आला. धाकटीने त्याला आत घेतलं आणि पुन्हा दार अडवून बसली. दादाने ट्रे उलटेपालटे करून बघितले, कारण समजून घेतलं, महागातल्या ट्रेचं ऐकून थोडा वरमलाही. पण तो वेळापत्रकवाला.

"यानंतर चुकणार नाही, याची खात्री द्याल?" त्याने विचारलं.

हो म्हण, हो म्हण, असं धाकटी डोळ्यांनी सांगत होती.

"नाही," गादीवाला म्हणाला. "कमी होईल. पण सतरा वर्षांची आहे, कधीमधी चुकणारच."

"बघ," दादा बहिणीकडे वळला.

"बघितलं," धाकटी म्हणाली. "चुकेल. मग मी पुसेन. पुन्हा चुकेल, पुन्हा पुसेन. म्हातारपणी चुकलं म्हणून घराबाहेर काढायचं असेल तर दादा, त्या रांगेत तू माझ्या सहा वर्षं पुढे आहेस. अर्धं घर माझं आहे. ती माझ्या अर्ध्यात राहील."

"आणि उद्या लग्न करून गेलीस की?" दादाचा आवाज आता रागाचा नव्हता, काळजीचा होता. "असल्या मांजरासकट, असल्या गाद्यांसकट तुला कोण करून घेणार आहे, धाकटे?"

गादीवाल्याने हातातला ट्रे खाली ठेवला, सरळ केला, पुन्हा थोडा सरळ केला.

"मी," तो म्हणाला.

दादाने त्याच्याकडे बघितलं. धाकटीने बघितलं नाही, ती चष्मा काढून पुसायला लागली.

"मांजर आहे हे मला गुरुवारी कळलं," तो तिच्याकडे बघून अडखळत म्हणाला. "माझं तर… दुसऱ्या गादीलाच ठरलं होतं."

धाकटीला अर्थ लागायला क्षणभर गेला. दुसऱ्या गादीला. म्हणजे तेव्हा तो समजत होता की ती स्वतः…

"तरीही?" तिने विचारलं.

"तरीही. म्हटलं, रोज वाळत घालू. ऊन काय कमी आहे?"

ही काही प्रेमाची कबुली झाली का? पण धाकटीला तिच्या उभ्या जन्मात कुणी इतकं मोठं काही म्हटलं नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं. ती उठली, दार सोडून त्याच्यापाशी गेली आणि दादाच्या देखत त्याचा हात हातात घेतला.

"माझंही ठरलं," ती म्हणाली. "आणि ते रबर मी काढणार नाहीये."

नेमकी त्याच वेळी म्हातारी आतून आली. तिने नवा ट्रे हुंगला. दोन पंजे आत ठेवले. मग तिने पंजे बाहेर काढले, चार पावलं पुढे गेली आणि दादाच्या पायपुसण्यावर बसली.

धाकटीची मान खाली गेली नाही. तिने गादीवाल्याचा हात आणखी घट्ट धरला आणि दादाकडे रोखून बघत राहिली. दादा पायपुसण्याकडे बघत होता. मग आत गेला. आतून फोन फिरवल्याचा आवाज आला, आणि दादा कुणाला तरी सांगत होता की गाडी नको, पुढच्या शनिवारीही नको.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात बादली होती आणि दुसऱ्या हातात फडकं.

"सरका," तो त्या दोघांना म्हणाला, "माझ्या अर्ध्यात झालंय ते," आणि गुडघे दुमडून पुसायला बसला.