पात छाटणारा दुभाषा

“अहो, तसं उभं राहून चालणार नाही. इथं खाली बसायचं, हातात विळा घ्यायचा, मग बोलायचं!”

मी हे कुणाला म्हणतेय, माझं मलाच ठाऊक नव्हतं. उन्हाळी कांद्याची काढणी चालू होती. सोनईजवळच्या एका शेतात दहा-बारा बायका गोल बसून कांद्याची पात छाटत होत्या आणि त्यांच्यात मी, उपकेंद्रातली नर्स निकिता. बांधावर इस्त्रीच्या शर्टातला एक उंच तरुण उभा होता. मला वाटलं, बियाणे कंपनीचा असेल.

तो मुकाट्यानं बसला आणि पहिल्याच फटक्यात पातीबरोबर अर्धा कांदा कापला.

“पाव्हण्याला लई कष्ट पडत्यात गं,” लंकाबाई म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

थोड्या वेळानं लंकाबाईच बोलू लागली. लेक गेल्यापासून झोप नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही... तिच्या डोळ्यांतून धार लागली. कुणी काही विचारलं नाही. पात छाटताना कुणाच्या डोळ्यांत पाणी नसतं? म्हणून तर मी या बायकांना उपकेंद्रात न बोलावता इथं यायचे. इथलं बोलणं इथंच राहील, ही आमची शपथ होती. जिला जास्त मदत हवी, तिच्याशी मी नंतर बांधावर एकटीशी बोलायचे आणि गरज पडली तर तिला नगरला डॉक्टरांकडे न्यायचे.

त्या तरुणानं खिशातलं पेन बाहेर काढलं नाही. ते मला फार आवडलं. मग दिसलं, त्याचेही डोळे भरलेत.

“कांदा?” मी हळूच विचारलं.

“थोडा कांदा... थोडी आई. मागच्या वर्षी गेली.”

त्याचं नाव वैजनाथ, राहणारा नगरचा. भारत, नेपाळ आणि केनिया मिळून खेड्यातल्या माणसांच्या मानसिक आरोग्यासाठी एक मार्गदर्शिका करत होते. तिन्ही सरकारं ती आपापल्या धोरणात घेणार होती आणि हा त्यांचा दुभाषा, आमचं काम बघायला आलेला. वाईट बातमीही त्यानंच दिली. मसुद्यात बंद खोली, दोन खुर्च्या आणि एक फॉर्म एवढंच होतं. शेतातलं बोलणं त्यात बसत नव्हतं, ते बंद करायला सांगणार होते.

“म्हणजे लंकाबाई खुर्चीत बसून रडणार? अशक्य!”

“माझ्यावर कशाला चिडता? पुढं नगरला बैठक आहे, तिथं सांगा. मी इंग्रजीत मांडतो.”

“आणि मधे तुमचं काही घुसडलंत तर?”

“दुभाष्याला स्वतःचं घालता येत नाही. ‘ती म्हणते’ असंसुद्धा म्हणायचं नाही. तुम्ही ‘मी’ म्हणालात की मीही ‘मी’च म्हणायचं.”

“म्हणजे तेवढा वेळ तुम्ही निकिता?”

“तेवढाच वेळ का...?” तो हसला आणि मी उगाचच विळा शोधू लागले. विळा माझ्या हातातच होता!

तयारीच्या नावाखाली तो दर मंगळवारी येऊ लागला. शेत बदलायचं, तो यायचाच. पात काही त्याला धड जमली नाही. पण निघताना बांधावर थांबून विचारायचा, “आज तुमचं काय?” दिवसभर सगळ्यांचं ऐकणाऱ्या मला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी बोलायला लागले की थांबायचेच नाही.

बैठकीला आमच्या बायका टेम्पो भरून आल्या. मी बोलले तेव्हा आवाज थरथरत होता, पण शेजारून वैजनाथचा ठाम आवाज यायचा आणि मला धीर यायचा. मग लंकाबाई उठली.

“खुर्चीत बसून म्या कायबी सांगितलं नसतं. कांदा हुता म्हून रडले. आता झोप लागती. लिव्हा तेवढं.”

केनियाच्या डॉक्टर वांजिकूबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांच्या गावी बायका घेवडा सोलताना अशाच बोलतात, म्हणाल्या. नेपाळच्या पाहुण्यांना मक्याची कणसं सोलणाऱ्या बायका आठवल्या. तिथंच ठरलं, हातातलं काम न थांबवता बोलण्याचा नवा भाग मार्गदर्शिकेत येणार, आणि त्यात आमच्या सोनईच्या बायकांचं नाव! मागच्या रांगेत टाळ्या थांबेनात.

“एक शेवटचा प्रश्न,” वैजनाथनं वांजिकूबाईंचं बोलणं मराठीत सांगितलं. “तुम्ही सगळ्यांचं ऐकता. तुमचं कोण ऐकतं?”

मी त्याच्याकडे पाहिलं नाही. माइककडे पाहिलं.

“दर मंगळवारी एक माणूस येतो. त्याच्याशी बोललं की मला हलकं वाटतं. मला तो आवडतो... फार. आता काढणी संपली. तरी त्यानं येत राहावं, जन्मभर. येईल का तो?”

आमच्यातल्या साळूबाईनं तोंडाला पदर लावला.

“करा ना भाषांतर,” मी पुटपुटले.

त्यानं केलं. कान लालबुंद, पण एक शब्द गाळला नाही. शेवटी एक शब्द जोडला, “येस.”

वांजिकूबाई गोंधळल्या. कधी माझ्याकडे, कधी त्याच्याकडे बघू लागल्या.

वैजनाथनं आधी त्यांना इंग्रजीत सांगितलं. मग मागं वळून आमच्या बायकांना मराठीत म्हणाला, “माफ करा... शेवटचा शब्द तिचा नव्हता. माझा होता.”