हँडब्रेक आणि चहाच्या पाच वाट्या

बाहेर उणे पंचवीस आणि आत हीटर. तोगझान कॉम्प्युटर क्लबाचं दार ढकलून आत आली आणि तिच्या चष्म्यावर अशी वाफ धरली की समोर नुसतं दूध. तरी थांबेल तर माझी नात कसली! चाचपत चाचपत गेली, हाताला खुर्चीची पाठ लागली, बसली.

खुर्ची मऊ लागली. जरा जास्तच मऊ.

"अहो..." खुर्ची म्हणाली, "इथे मी बसलोय."

तोगझान किंचाळून उठली. पडद्यावर एक लाल गाडी भिंतीत घुसून धूर सोडत होती.

"तुमच्यामुळे गेली!" तो म्हणाला.

"माझ्यामुळे? भिंत काय मी बांधली?"

तो ओल्झास. क्लबातली बिघडलेली स्टिअरिंगं दुरुस्त करायचा आणि दुरुस्त झालीत का हे बघायला दिवसभर खेळायचा. हे सगळं मला तोगझाननेच सांगितलं. मी विचारलं की लोक सांगतात.

ती तिथे गेली ती माझ्यामुळेच. आदल्या आठवड्यात बर्फावर आजोबांची जुनी झिगुली गाडी घसरवून हिने माझं फाटक पाडलं. मी किल्ली काढून घेतली. म्हटलं, घसरलेली गाडी सावरता येईल तेव्हा ये मागायला. आता घसरायला शिकायचं तर कुणाचं फाटक पडणार नाही अशीच जागा हवी ना!

"ड्रिफ्ट शिकायचंय, गाडी मुद्दाम घसरवत वळवायची," ती म्हणाली. "साधं नको. वरचं, अवघड."

"आधी बसायला शिका," तो म्हणाला, आणि खुर्चीवरून उठला.

रोज संध्याकाळी पाच वाजता ती जायला लागली. पहिल्या आठवड्यात हँडब्रेक. ओढला की गाडी भोवऱ्यासारखी गरगर. दुसऱ्या आठवड्यात त्याने नवीनच काढलं.

"उजवीकडे वळायचंय ना? मग आधी जरा डावीकडे झुकव. गाडीचं वजन तिकडे गेलं की झटकन इकडे फिरव. मागची चाकं आपोआप सुटतात."

"तुझं सगळंच असं उलटं असतं का रे?"

"फक्त गाडीत."

"आणि गाडीबाहेर?"

"बाहेर... बाहेर मला वळताच येत नाही."

ती हसली. तो कानापर्यंत लाल झाला आणि घाईघाईने म्हणाला, "आता स्टिअरिंग उलटं धर. ब्रेक नको! ॲक्सिलरेटर नुसता धरून ठेव... पायाखाली अंडं आहे असं समज."

"फुटलं तर?"

"मी दुसरं आणीन."

तिसऱ्या आठवड्यात तिने नागमोडी घाटाची चार वळणं एका दमात, गाडी आडवी ठेवून काढली. एकदाही भिंत नाही! आनंदाने तिने शेजारी पाहिलं. तो पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत होता. आणि तिच्या चष्म्यावर वाफ धरली. तासभर आतच बसली होती हं ती.

पण बोलला का गाढव? नाही. टायरबद्दल बोलला.

इकडे मी तिचं लग्न ठरवत होते. सहा पोरांची लग्नं मीच ठरवली, एकानेही हूं की चूं केलं नाही. मुलगा दातांचा डॉक्टर. त्याची आई रविवारी येऊन तोगझानच्या कानात कुंडलं घालणार होती. एकदा कुंडलं कानात पडली की शब्द दिला गेला, लग्न पक्कं. तोगझान धड जेवेना. नुसतं जेवणाचं ताट धरून डावीकडे फिरवी, उजवीकडे फिरवी.

मला कळायला किती वेळ लागतोय! शनिवारी उठले आणि क्लबात गेले.

"तूच का तो?"

"हो आजी... बसा ना," असं म्हणून त्या शहाण्याने मला स्टिअरिंगपुढेच बसवलं. आता बसलेच आहे तर दोन चकरा मारल्या. अकरा वेळा भिंतीत गेले.

"आजी, भिंतीकडे बघू नका. नजर जाते तिकडे गाडी जाते. रस्त्याकडे बघा."

"मला कुठे बघायचं ते शिकवतोस? संध्याकाळी चहाला ये."

आला. केस चापूनचोपून बसवलेले. मी समोवारपाशी, म्हणजे चहाच्या बंबापाशी, बसले आणि पहिलीच वाटी काठोकाठ भरून त्याच्यापुढे ठेवली. आमच्याकडे पाहुण्याला दोन घोट ओततात, पुन्हा पुन्हा ओततात. भरलेली वाटी म्हणजे 'उठा आता'. हे दूधपित्या पोरालाही कळतं. तोगझानचा चेहरा पांढराफटक पडला.

ओल्झासने वाटीकडे पाहिलं. प्यायला. वाटी पुढे केली.

मी पुन्हा भरली. प्यायला. तिसरी. चौथी. कपाळावरून घाम टपटपत होता. पाचवी रिकामी करून त्याने पुढे केली तेव्हा माझा संताप झाला.

"तुला घरी काही शिकवलंय की नाही?"

"शिकवलंय, आजी. भरलेली वाटी म्हणजे उठ."

"मग?"

"उठलो तर परत कुठल्या तोंडाने येऊ? उद्या तर हिच्या कानात कुंडलं पडतील. म्हणून... पितोय." त्याने तोगझानकडे पाहिलं. या खेपेला टायर नाही, काही नाही. "मला तू हवी आहेस, तोगझान. समोवार आटेपर्यंत बसतो मी."

मग तोगझान उठली. माझ्या हातातली किटली तिने काढून घेतली. साठ वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती! तिने त्याच्या वाटीत चहा ओतला.

दोन घोट. फक्त दोन.

आणि माझ्याकडे बघत राहिली, हनुवटी वर करून. हुबेहूब माझी हनुवटी.

"पी की रे," मी म्हटलं. "आता काय बघतोस?"

त्याने ते दोन घोट घेतले, वाटी ठेवली, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आजी... तुमचा संडास कुठंय?"

अंगणाच्या पार टोकाला. तो कोट न घालताच धावला. लाकडाच्या ढिगाऱ्यापाशी वळण आणि खाली काचेसारखा बर्फ. पाय सुटले, अंग आडवं झालं, एक हात इकडे, एक हात तिकडे, आणि तसाच आडवा सरकत पोरगा नेमका संडासाच्या दारात जाऊन थांबला. पडला नाही.

तोगझान त्याचा कोट घेऊन हसत हसत बाहेर पळाली. मी खिडकीपासून मागे फिरले आणि डॉक्टरच्या आईला फोन लावला.