स्वागतसूर

मगदुमांच्या रेडिओला त्या सकाळी अठरा हजार श्रोते होते आणि त्यांतले चारशे ऐकत होते.

हे वाक्य आपल्या आजोबांसमोर उच्चारलं असतं तर त्यांनी आपल्याला वेड्यात काढलं असतं. जो ऐकतो तो श्रोता, मग न ऐकणारा श्रोता आला कुठून? पण जिनपाल मगदुमांच्या काळात हा फरक शाळकरी पोरांनाही कळत होता, आणि मगदुमांसारख्या छोट्या ऑनलाइन रेडिओवाल्यांच्या तर तो मुळावरच आला होता. मिरजेत राहत्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीतून ते 'कृष्णालहर' नावाचं केंद्र चालवत. जुनी पदं, हळदीचे भाव, बारशा-लग्नाच्या शुभेच्छा आणि मधूनमधून मगदुमांची स्वतःची बडबड. पूर्वी मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता, त्यामुळे आवाज खणखणीत. पोटापाण्यासाठी पुण्याला नाहीतर दुबईला गेलेली सांगली-मिरजेची माणसं हा आवाज घरात लावून ठेवत.

लावून ठेवत, हीच तर भानगड होती. जुन्या मोजणीत एवढंच कळायचं, की कोणी, कुठून, किती वेळ रेडिओ चालू ठेवला. चालू ठेवून तुम्ही झोपी गेलात तर तुम्ही सगळ्यांत निष्ठावंत श्रोते ठरायचात! जाहिरातवाले त्याच आकड्यांवर पैसे मोजायचे आणि सगळे सुखात होते. मग कानबोल आला.

आपला कान नुसता ऐकत नाही, तो बोलतोही. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यात केसांसारखे बारीक तुरे असलेल्या पेशींच्या रांगा असतात. आवाज आला की या पेशी डोलतात आणि डोलता डोलता स्वतःही एक अतिशय सूक्ष्म आवाज काढतात. तान्ह्या बाळाला ऐकू येतं की नाही, हे डॉक्टर कितीतरी वर्षं याच आवाजावरून तपासत आले. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आलं की मेंदूचं लक्ष असलं तर हा आवाज एका तऱ्हेचा येतो आणि नसलं तर दुसऱ्या तऱ्हेचा. कानाच्या या आवाजाला लोक कानबोल म्हणू लागले. वाटाण्याएवढ्या कानगोळ्या तेव्हा जो तो दिवसभर कानांत घालून हिंडायचा. त्यांच्यात कानबोल टिपणारा माइक बसला आणि माणसाला ऐकल्याचं सोंग आणता येईना. नवरा-बायकोच्या भांडणांवर याचे काय परिणाम झाले तो विषय वेगळा, आणि न काढलेला बरा.

"काय ओ मॅडम हे?" मगदूम पडद्यावर दिसणाऱ्या डॉ. शर्वरी नाईकनवरेंवर खेकसले. ही पुण्यातल्या मोजणी कंपनीची कानशास्त्रज्ञ, छोट्या केंद्रांना आकडे समजावून सांगायला नेमलेली. "काल अठरा हजार होते, आज चारशे. बाकीची काय मेली काय?"

"नाही हो काका. अठरा हजार आहेतच. त्यांनी रेडिओ लावलाय. कान मात्र चारशेच उघडे आहेत."

"रेडिओ काय ऐकायचा असतोय होय? रेडिओ लावायचा असतोय! घरात कुणीतरी बोलालंय एवढं वाटलं की झालं. माणसं काय परीक्षेला बसल्यागत ऐकतात?"

"तुमचं मला पटतं. पण जाहिरातवाल्यांना नाही पटत. ते यापुढे उघड्या सेकंदांचेच पैसे देणार."

श्रोत्याच्या कानात जाहिरात वाजत असताना कान खरोखर उघडा असेल, तेवढाच सेकंद धरायचा. बाकी सारं पालथ्या घड्यावर पाणी. मोजणीच्या पडद्याला मगदूम फळा म्हणत. फळ्यावर प्रत्येक श्रोत्याचा एक ठिपका होता. कान उघडा असला की हिरवा, बंद असला की करडा. मगदूम निवेदन करत तेव्हा फळा राखेनं सारवल्यासारखा दिसे. एकदाच तो भसकन हिरवा झाला, म्हणून मगदूम हरखले. तर त्यांना शिंक आली होती, तेवढीच लोकांनी मन लावून ऐकली.

आता कोणी म्हणेल, द्यावं सोडून. पण मगदुमांनी हा खटाटोप हौसेनं मांडलेला नव्हता. त्यांच्या पत्नीला, त्रिशलाबाईंना, अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. फटकळपणा तेवढा गेला नाही, तो डोळ्यांत उतरला. मंडपाचा धंदा म्हणजे गावोगाव हिंडणं, तो मगदुमांनी विकला. घर न सोडता, हाकेच्या अंतरावर बसून करता येईल असा त्यांना जमणारा हा एकच उद्योग होता. तो बुडाला तर कुणाच्या तरी दुकानात दिवसभर उभं राहायला जायचं आणि ही इथं एकटी पडणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"एक उपाय आहे," शर्वरी म्हणाली. "जाहिरातीच्या आधी श्रोत्याच्या कानात एक बारीकसा सूर लावायचा. ज्याचा त्याचा वेगळा. त्यानं कान उघडतो. आम्ही त्याला स्वागतसूर म्हणतो. तुमच्या फळ्यावर खाली बटण आहे."

स्वागतसूर म्हणजे तानपुऱ्यासारखं काहीतरी असणार, असं मगदुमांनी धरलं. खाली नियमांची लांबलचक पट्टी होती. ती आजवर कोणी वाचली आहे? त्यांनी बटण दाबलं.

फळा हिरवा झाला. थोडाथोडका नाही, जाहिरात लागली की श्रावणातल्या शिवारासारखा होई. एका कैरीच्या लोणच्याच्या जाहिरातीनं तर कमाल केली. फोड दातांखाली कर्रकन मोडायची, तेल बोटांवरून ओघळायचं, आणि हे सगळं नुसत्या आवाजात. लोणच्यावाल्यानं खूश होऊन वर्षभराची बोली केली. मगदुमांनी त्रिशलाबाईंच्या व्यायामासाठी एक बाई लावल्या आणि बऱ्याच महिन्यांनी ते पोटभर जेवले.

मग फोन यायला लागले. बार्शीहून एक बाई म्हणाली, "तुमच्या रेडिओत माझं बाळ रडतंय."

"बाई, बाळ पाळण्यात बघा, रेडिओत कशाला बघालाय?"

"बघून आले. झोपलंय ते. चारदा उठून बघून आले. रडतंय तेही माझंच, दुसऱ्या कुणाचं नाही. मला कळत नाही होय?"

मगदुमांनी कपाळाला हात लावला. लोकांना काही उद्योग नाहीत, असं त्यांनी ठरवलं. नाशिकच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं की माझा गेलेला भाऊ मला नावानं हाक का मारतो, त्यालाही त्यांनी डॉक्टर गाठायचा सल्ला दिला.

आणि त्याच दिवसांत त्रिशलाबाई वाटी फार वाजवायला लागल्या.

वाचा गेल्यावर दोघांनी ही सोय काढली होती. पलंगाशेजारच्या स्टुलावर स्टीलची एक वाटी, डाव्या हाताशी चमचा. पाणी हवं, कूस बदलायची आहे, पंखा जास्त होतोय, काहीही असो, चमचा वाटीवर मारायचा. मगदूम दिवसभर कानगोळ्यांत स्वतःचंच केंद्र लावून बसत, पण कानगोळ्या बाहेरचे आवाज आत सोडत, त्यामुळे ते कामात असले तरी टिंग झालं की ताडकन उठत. वर्षभर हे बिनबोभाट चाललं होतं. आता ते धावत जावं तर त्या डोळे मिटून पडलेल्या, नाहीतर 'काय झालं?' असं भुवयांनी विचारणाऱ्या.

"अगं, मग वाजवालीस कशाला?"

त्यांनी मान हलवली. नाही वाजवली.

"मला काय भास होतोय होय?"

डोळ्यांनी दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

दिवसातून कितीदा तरी हा खेळ व्हायला लागला. निवेदन अर्ध्यात टाकून पळायचं, पलीकडे आठी बघायची आणि परत यायचं. मगदुमांचे गुडघे तसेही कुरकुरत. एका दुपारी त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी वाटीही उचलली आणि चमचाही, दोन्ही घेऊन पुढच्या खोलीत आले आणि धपकन खुर्चीत बसले. "आता वाजव म्हणावं."

टिंग.

मगदुमांनी हातातल्या वाटीकडे बघितलं. चमचा दुसऱ्या हातात होता. पाठोपाठ कानात कैरीची फोड कर्रकन मोडली.

तसेच उठून ते आत गेले, वाटी-चमचा होता तिथे ठेवला आणि बायकोच्या पायांवरचं पांघरूण उगाचच नीट केलं. मग येऊन त्यांनी पुण्याला फोन लावला. आवाज एवढा चढला होता की खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल.

शर्वरीनं सगळं ऐकून घेतलं. "काका, कानगोळीला खोलीतले आवाजही ऐकू येतात. तुमचा कान कोणत्या आवाजाला सगळ्यांत जास्त उघडतो हे यंत्र शिकतं. तुमचा वाटीला उघडतो. मग जाहिरातीच्या आधी तोच आवाज अगदी हळू वाजवतं. म्हणजे दारावर टकटक केल्यासारखं."

"टकटक? माझ्या आजारी बायकोच्या हाताची टकटक करालाय तुम्ही? लोणचं विकायला?"

"तुम्हीच हो म्हटलं होतंत. बटण तुम्ही दाबलंत."

"मला काय ठाऊक की..." मगदूम मध्येच थांबले. बार्शीची बाई त्यांना आठवली होती. "म्हणजे ते बाळ खरंच..."

"हो. आयांचं बहुतेक बाळच असतं."

मगदुमांनी विचारलं, "माणसाला सवय होत नाही काय याची? खोटी हाक किती दिवस चालणार?"

"होते ना. मेंदू हिशेबी असतो. हाक आली आणि पलीकडे कोणी नाही, असं बऱ्याचदा झालं की तो कान उघडायचं सोडून देतो. म्हणून यंत्र आधीच दुसरा आवाज हेरून ठेवतं."

"आणि पहिल्या आवाजाचं काय होतंय? खरी हाक आली तर?"

शर्वरीनं चष्मा काढून ओढणीला पुसला. "त्याचा अभ्यास झालेला नाही. आम्ही मागितला होता. त्याला पैसे द्यायला कोणी जाहिरातदार मिळाला नाही." मग घाईनं म्हणाली, "श्रोता म्हणून तुमच्यापुरता स्वागतसूर मी आत्ता काढते. केंद्राचा काढायचा तर मात्र सगळ्यांचा निघेल, आणि मग जाहिराती राहतील असं मला वाटत नाही. तुम्ही सांगाल तसं करते."

मगदूम चांगला माणूस होता. हे सांगायची वेळ यावी याचाच राग येतो, पण होता. त्यांनी फळ्याकडे बघितलं, मग मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"माझ्यापुरतं काढा," ते म्हणाले.

"आणि बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांचं बघू की पुढं."

तेव्हापासून त्यांच्या कानात लोणच्याची जाहिरात तशीच, हाकेशिवाय, वाजू लागली. मन खाई. बार्शीच्या बाईचा फोन आला तर यावेळी तिला नीट सगळं सांगायचं, असं त्यांनी पक्कं केलं होतं. पण तिचा फोन पुन्हा आलाच नाही. रडणं बंद झालं असेल, नाहीतर तिला सवय झाली असेल, असं म्हणून मगदुमांनी विषय संपवला. संपवताना त्यांना बरंही वाटलं.

पुढच्या आठवड्यात एकदा कार्यक्रम फार रंगला. पदांवर पदं लागली, फळा हिरवागार होता, मगदुमांचा आवाज लागला होता. मध्ये कधीतरी भांडी वाजल्यासारखं झालं, पण घर म्हटलं की भांडी वाजायचीच. कार्यक्रम आटोपून त्यांनी कानगोळ्या काढल्या, चहा टाकला आणि कप घेऊन आत गेले.

त्रिशलाबाई जमिनीवर होत्या. पलंगावरून घसरून स्टुलाच्या पायाशी पडल्या होत्या. पाण्याचा तांब्या लवंडला होता, साडी भिजून पुन्हा वाळत आली होती, कोपरातून आलेलं रक्त फरशीवर सुकलं होतं. मगदुमांच्या हातून कप निसटला. त्यांनी बायकोला उचलून भिंतीशी टेकवून बसवलं. मग घाबरलेला माणूस ओरडतो तसे ते ओरडले, "वाटी वाजवायला काय झालं होतं गं तुला? मी इथंच होतो की! एवढं दहा पावलांवर!"

त्रिशलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत आज फटकळपणा नव्हता, रागही नव्हता. एखाद्या परक्या माणसाची ओळख पटतेय का बघावं, तशा त्या बघत होत्या. वाटी त्यांच्या मांडीवर होती. तिचा काठ एका बाजूनं ठोकून ठोकून चेपला होता. चमचा अजून मुठीत घट्ट होता.

मग त्यांनी डावा हात उचलला आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोर, सगळा जोर लावून, तो वाटीवर मारला.

टिंग झालं, आणि दातांखाली कैरीची फोड मोडावी तसं मगदुमांच्या तोंडाला पाणी सुटलं.