चार बोटं वर

हिरोच्या जागी उड्या मारणारा डुप्लिकेट हवेत उलटा झाला तेव्हा दहा वाजून सात मिनिटं झाली होती. वेळ पक्की सांगता येते, कारण चित्रगुप्तबाईंनी ती लगेच वहीत लिहिली.

चित्रगुप्तबाई म्हणजे सेटवर कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या बाई. कुठल्या शॉटमध्ये पेला अर्धा होता आणि केप कुठल्या खांद्यावर होती, हे सगळं त्यांच्या वहीत असायचं. माणसांची पापपुण्यं लिहिणाऱ्याचं नाव त्यांना कुणीतरी थट्टेत दिलं आणि ते चिकटलं. बाईंची त्याला हरकत नव्हती.

शॉट रोजचाच होता. सिनेमातला उडणारा वीर गच्चीवरून झेपावतो. अंगात निळा रबरी सूट, सुटाच्या आत पट्टा, पट्ट्याला कमरेच्या दोन्ही बाजूंना हूक, आणि हूक बाहेर यावेत म्हणून सुटाला दोन चिरा. हुकांना तारा लावतात, त्या नंतर संगणकावर पुसतात आणि लोक टाळ्या पिटतात. आज उजवी चीर काखेपर्यंत फाटत गेली, डावी तार रबरात अडकली, आणि डुप्लिकेट गर्रकन फिरून खोट्या भिंतीवर खराखुरा आदळला. खांदा निखळला.

बारा वाजता निर्मात्याच्या खोलीतून एक कागद निघाला. शिवणकामात हलगर्जी झाली आणि ती मी केली, एवढाच मजकूर होता. खाली मावशींनी सही करायची होती.

शिवणखात्याच्या मावशी तीस वर्षं याच धंद्यात होत्या. सेटवर सगळ्यांच्या त्या मानलेल्या मावशी, बाईंच्या मात्र सख्ख्या. आई गेल्यावर उरलेल्या कापडांचे फ्रॉक घालून बाई शाळेत गेल्या होत्या, आणि त्या फ्रॉकची शिवण कधी उसवली नव्हती.

बाई शिवणखोलीत शिरल्या तेव्हा मावशी बटण लावत होत्या. कागद टेबलावर होता, त्यावर कात्री ठेवलेली.

"सही केलीस तर?" बाईंनी विचारलं.

"तर मी हलगर्जी. मग मला कुठे कोण उभं करणार?"

"आणि नाही केलीस तर?"

"चार वाजता खोलीची किल्ली काढून घेणार आहेत. घेऊ देत." मावशींनी दोरा दाताने तोडला. "मी सही करणार नाही. न केलेल्या चुकीचं पातक या वयात डोक्यावर घ्यायचं नाही मला."

"सुटाला शेवटचा हात कधी लावलास?"

"परवा संध्याकाळी. पुसला, आतून पावडर मारली, टांगला. काल तर सगळ्यांना सुट्टी होती. चिरांच्या कडेचा गोट तेव्हा धड होता, दोनदा हाताने शिवलाय मी तो."

फाटलेला सूट मावशींना कुणी दाखवलाच नव्हता. तो निर्मात्याच्या कपाटात कुलूपबंद होता. आरोप त्यांच्यावर आणि पुरावा दुसऱ्याच्या कपाटात, असा सगळा न्याय होता. बाईंना राग आला. राग आला की त्या वही उघडत. त्यांनी पाहिलं, एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

निर्मात्याच्या खोलीकडे जाताना दर्शनी दालन लागतं. तिथे सकाळीच एक काचेचं कपाट उभं राहिलं होतं आणि आत पुतळ्याच्या अंगात वीराचा सूट होता. हे प्रसिद्धीप्रमुखाचं काम. सिनेमाच्या पडद्यामागच्या गमतीजमती लोकांना पुरवणं ही त्याची नोकरी. बाई क्षणभर थांबल्या. पुतळ्याने केप थंडी वाजल्यासारखी पुढून लपेटून घेतली होती. सबंध सिनेमात वीर केप मागे टाकतो, एकदाही लपेटत नाही. बाईंनी ते सवयीने लिहून घेतलं.

पुढे प्रसिद्धीप्रमुखाचं दार, आणि दाराशेजारी माणसाहून मोठं पोस्टर. झेपावणारा वीर. तारा पुसलेल्या, चिरा मात्र तशाच राहिलेल्या. या पोस्टरवरून बाईंचं महिन्यापूर्वी भांडण झालं होतं. वीराच्या डाव्या भुवईवर जखमेची खूण आहे, पोस्टरवर ती उजव्या भुवईवर. प्रसिद्धीप्रमुखाने फोटो सरळ उलटवला होता. वीराने सिनेमाच्या नावाकडे बघायला हवं, म्हणाला, आणि भुवई कोण मोजत बसतंय? बाई मोजत बसतात, हे त्याला तेव्हाही कळलं नव्हतं.

प्रत्येक शॉटनंतर कपड्यांचे फोटो काढणं हा बाईंचा हक्कच होता. निर्मात्याला कपाट उघडावं लागलं. त्यांनी सात फोटो काढले. चिरांचा गोट शिवलेला नव्हता, चिकटवलेला होता. उजवी चीर वर फाटत गेली होती, पण तिचं खालचं टोक शाबूत होतं. ते डाव्या चिरेपेक्षा चार बोटं वर होतं.

"आळस केला तुमच्या मावशींनी," निर्माता म्हणाला. "शिवायच्या जागी चिकटवलं."

मावशींनी आयुष्यात काय काय केलं असेल कोण जाणे, पण आळस केला नव्हता.

प्रथमोपचाराच्या खोलीत डुप्लिकेट हात गळ्यात बांधून बसला होता. चेहरा पांढराफटक, पण जीभ शाबूत.

"सकाळी सूट घालताना काही वेगळं वाटलं?"

"वास नव्हता," तो म्हणाला. "चार महिने त्यात घाम गाळतोय मी. माझ्या सुटाला माझा वास येतो, बायको दारातूनच ओळखते. आजच्याला नव्या रबराचा वास होता. वाटलं, मावशींनी चांगला धुतला."

"आणि चिरा?"

"टोचत होत्या. माझी डावी कमर जरा वर आहे बाई, जुनं फ्रॅक्चर. मावशी माझ्या मापाने बेततात. आज कमरेला बेतलेलं नव्हतं काही."

तारा सांभाळणाऱ्या काकांनी तर आपण होऊनच कबूल केलं. हूक बाहेर यायला कुरकुर करत होते, दिग्दर्शक घाई करत होता, त्यांनी ओढून काढले. बोलताना काका मान वर करत नव्हते. थांबून बघायला हवं होतं, म्हणाले, माझ्या पोरासारखा आहे तो.

मग बाईंनी सूट मोजले. सिनेमासाठी मावशींनी तीन शिवले होते: चिरांचा एक, तो डुप्लिकेटचा. बिनचिरांचे दोन, जवळून चेहरा घेताना हिरो घालतो ते. दोघांची अंगलट जवळपास सारखी, म्हणूनच तर त्याला डुप्लिकेट नेमलं. बिनचिरांचा एक सूट मांडणीवर होता. दुसरा कालच प्रसिद्धीप्रमुखाने काचेच्या कपाटात ठेवायला नेल्याची नोंद होती. काल, म्हणजे सुट्टीच्या दिवशी.

अडीचच्या सुमारास बाई मेकअप खोलीत डोकावल्या. हिरो खुर्चीत बसताना कण्हला आणि त्याने आणखी एक उशी मागवली. आज सगळे सीन बसूनच करू, असं तो दिग्दर्शकाला सकाळीच म्हणाला होता. बाईंनी काय झालं ते विचारलं. तो म्हणाला, व्यायाम जास्त झाला. पण त्याने बाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

बाईंनी वहीची आजची पानं पहिल्यापासून वाचली. मग त्या चार कोरे कागद घेऊन बसल्या आणि प्रत्येकावर पाठमोऱ्या माणसाची आकृती काढली.

चार वाजता दर्शनी दालनात सगळे जमले. ते तिथेच जमावेत असं बाईंनी सुचवलं होतं. निर्माता, उशी घेऊन आलेला हिरो, काका, गळ्यात हात बांधलेला डुप्लिकेट, मावशी, प्रसिद्धीप्रमुख आणि किल्ल्या सांभाळणारा शिपाई. निर्मात्याच्या एका हातात पेन होतं, दुसऱ्यात मावशींच्या टेबलावरून मागवलेला कागद.

"सहीआधी एक काम," बाई म्हणाल्या. "नवा सूट लागेलच. चिरा नेमक्या कुठे असतात, ते चौघांनी आपापल्या कागदावर दाखवा. मावशी, काका, डुप्लिकेट, आणि तुम्हीही." त्या प्रसिद्धीप्रमुखाकडे वळल्या. "या सुटाचे फोटो तुमच्याइतके कुणी पाहिलेत?"

तो हसला. फुशारकीची संधी तो सहसा सोडत नसे. त्याने दोन रेघा मारल्या आणि कागद सर्वांत आधी परत दिला.

बाईंनी चारही कागद काचेवर चिकटवले. तिघांनी डावी चीर वर काढली होती, चार बोटं. चौथ्या कागदावर उजवी वर होती.

"आजच्या सुटाचीही उजवीच वर होती," बाई म्हणाल्या. "तो मावशींनी बेतला असता तर डावी वर आली असती. तिचे हात ही कमर झोपेतही विसरत नाहीत. चिरा पाडणाऱ्याला हा माणूस ठाऊक नव्हता, फक्त चित्र ठाऊक होतं. आणि सबंध इमारतीत एकच चित्र असं आहे, ज्यात उजवी चीर वर दिसते."

काकांची मान सावकाश पोस्टरकडे वळली. प्रसिद्धीप्रमुख अजून हसत होता, पण त्यात आता दम नव्हता.

"म्हणजे मी सूट कापला?" तो म्हणाला. "कशासाठी?"

"खरा चिरांचा सूट तुम्ही फाडलात म्हणून. शिपाईदादा, कपाट उघडा. त्या पुतळ्याला थंडी वाजत नाहीये."

शिपायाने कपाट उघडलं आणि केप बाजूला केली. सूट दोन्ही अंगांनी मांडीपासून काखेपर्यंत उसवलेला होता. डुप्लिकेट पुढे झाला, वाकला आणि त्याने हुंगून पाहिलं.

"माझाच," तो म्हणाला.

बाईंनी मग सगळं ओळीने सांगितलं. शुक्रवारी पडद्यामागचा एक व्हिडिओ निघणार होता. हिरोने सगळी उड्डाणं स्वतः केली, ही त्यातली मुख्य बातमी. बातमी होती, चित्रं नव्हती. म्हणून काल सुट्टीत काकांना न विचारता बाहेरून तारवाला आणला, डुप्लिकेटचा सूट हिरोच्या अंगात घातला आणि त्याला वर चढवलं. आत माणसाच्या मापाचा पट्टा नसला की सगळा भार सुटावर येतो. दोन्ही चिरा अशा उसवल्या, की मुळात कुठे होत्या हेही कळेना. कुणाला सांगावं तर व्हिडिओ जातो. म्हणून फाटका सूट केपखाली झाकून काचेत ठेवला, आणि काचेसाठी आणलेल्या नव्या सुटाला पोस्टर बघून चिरा पाडल्या.

"मावशीला विचारलं असतं तर तासाभरात शिवून दिला असता," बाई म्हणाल्या. "ओरडली असती, पण दिला असता. त्याऐवजी तुम्ही एका माणसाला तसंच वर सोडलंत, आणि तो पडल्यावर तिला कागद धाडू दिलात."

प्रसिद्धीप्रमुखाने हिरोकडे पाहिलं. हिरोने उशी खाली ठेवली.

"मी होतो तारेवर," हिरो म्हणाला. "दोन मिनिटं. कमरेचं भुसकट झालं. हा रोज करतो ते." मग तो डुप्लिकेटला म्हणाला, "सकाळीच बोलायला हवं होतं मी."

"हवं होतं," डुप्लिकेट म्हणाला.

निर्मात्याने पेन खिशात ठेवलं. प्रसिद्धीप्रमुखाला त्याने तिथल्या तिथे घरी पाठवलं. मग त्याचा सूर मऊ झाला. कागद फाडून टाकू, मावशींची खोली मावशींनाच. पण हे आपल्या आपल्यात राहू द्यावं. दोन मिनिटांची का होईना, चित्रं आहेत, व्हिडिओ शुक्रवारी निघू दे. लोकांना वीर खरा वाटला पाहिजे.

"माझ्या वहीत प्रत्येक शॉटसमोर सुटात कोण होतं ते लिहिलेलं आहे," बाई म्हणाल्या. "वही संकलकाकडे जाते आणि तिथे सगळे वाचतात. मी खाडाखोड करत नाही. व्हिडिओ काढा, मी प्रत्येक उड्डाणासमोरचं नाव वाचून दाखवीन."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे. माझे फ्रॉक शिवणारी अजून आहे."

निर्मात्याने हिरोकडे पाहिलं. व्हिडिओत डुप्लिकेटचं नाव आणि चेहरा घालणार असाल तरच मी दिसेन, असं हिरोने सांगून टाकलं.

निर्मात्याने होकारार्थी मान हलवली आणि कागद फाडायला घेतला. तेवढ्यात मावशींनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "द्या तो कागद."

सही करतात की काय, असं बाईंना क्षणभर वाटलं. मावशींनी कागद काउंटरवर पालथा घातला. खिशातला खडू काढला, डुप्लिकेटला जवळ उभं केलं आणि त्याच्या कमरेला टेप लावली. कोऱ्या बाजूवर दोन खुणा केल्या, डावी चार बोटं वर, आणि आपलं हलगर्जीपण लिहिलेला तो कागद कात्रीने कापायला घेतला.

"श्वास सोड," त्या त्याला म्हणाल्या. "खांदा बरा होईपर्यंत सूट तयार पाहिजे."